एकवीसचा डाव आणि गणिताचा निवाडा

आमचा एक नातू नुकताच नोकरीस लागला. मित्रांसह तो गोव्यास गेला असतां मांडवी नदींतील द्यूतनौकेवर त्यानें ब्लॅकजॅकचा खेळ पाहिला. परत येतांच त्यानें विचारलें, “आजोबा, या खेळांत जिंकण्याची युक्ति आहे म्हणतात, ती खरी का?” पुढच्या पगाराचा कांहीं भाग तेथें नेण्याचा बेत त्याच्या मनांत दिसला. “जुगार वाईट” एवढ्या उत्तरानें तरुणांचें समाधान होत नाहीं. म्हणून आम्हीं पाटी पुढें ओढली.

पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यावयाची, पण पलीकडे जाऊं द्यावयाची नाहीं, एवढाच हा खेळ. राजा, राणी व गुलाम यांचे प्रत्येकीं १०. एक्का सोयीप्रमाणें १ किंवा ११. वाटणाऱ्याचें एक पान उघडें असतें. त्यास स्वतःची बुद्धि चालविण्याची मुभा नाहीं. १६ पर्यंत त्यानें पान घेतलेंच पाहिजे व १७ झाले कीं थांबलें पाहिजे.

५२ पानांत १६ पानें दहाच्या किंमतीचीं. सर्व नियमांचें मूळ येथेंच आहे. वाटणाऱ्यापुढें २ ते ६ पैकीं पान असेल तर त्यास बहुधा आणखी पान घ्यावें लागतें व तो २१ ओलांडण्याचा संभव वाढतो. छक्की असतां शंभरांत सुमारें ४२ वेळां तो बुडतो. अशा वेळीं आपली बेरीज १३ ते १६ असल्यास स्वस्थ बसावें. त्याच्यापुढें ७ किंवा मोठें पान असल्यास मात्र पान घ्यावें. १२ वर केवळ ४, ५, ६ समोर थांबावें. एक्का ११ न धरतां १७ झाले कीं थांबावें. ११ वर बहुधा पण दुप्पट करावा. दोन एक्के व दोन अठ्ठ्या फोडून दोन डाव करावे, कारण १६ ही सर्वांत वाईट बेरीज. दश्श्यांची जोडी मात्र फोडूं नये, कारण २० हातचे सोडणें शहाणपणाचें नाहीं. वाटणाऱ्याचा एक्का पाहून ‘विमा’ घ्या म्हणतात, तोहि घेऊं नये. त्याचें फळ दुप्पट मिळतें. म्हणजे उरलेल्या ५१ पानांत दहाचीं १७ असतीं तर व्यवहार बरोबरीचा झाला असता. तीं असतात १६.

हे नियम अनुमानाचे नव्हेत. अमेरिकन सैन्यांतील बाल्डविन, कँटी, मायसेल व मॅक्डरमॉट या चौघांनीं साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून ते १९५६ सालीं प्रसिद्ध केले. १९६२ सालीं एडवर्ड थॉर्प यांनीं, गेलेलीं पानें ध्यानांत ठेविल्यास पारडें खेळणाऱ्याकडे झुकूं शकतें, हें ग्रंथरूपानें दाखविलें. वाचकांस नलोपाख्यान आठवेल. ऋतुपर्णानें बेहड्याचीं पानें व फळें दृष्टिक्षेपांत मोजलीं. पण नलानें केवळ शब्दावर विश्वास न ठेवतां झाड पाडून मोजून पाहिलें, आणि मगच अक्षविद्या घेतली. आजच्या द्यूतगृहांत मात्र अनेक जोड एकत्र पिसतात, आणि मोजणारा ओळखूं आल्यास त्यास खेळूं देत नाहींत.

आतां निवाडा. खेळणारा आधीं पान घेतो. तो २१ ओलांडतांच त्याचा पण जातो. मागाहून वाटणारा बुडाला तरी तो परत मिळत नाहीं. घराचा नफा मुख्यतः या एका नियमांत आहे. सर्व युक्त्या चोख पाळल्या तरी चांगल्या नियमांच्या मेजावर शेंकडा सुमारें अर्धा रुपया जातो. पहिल्या दोन पानांत २१ आल्यास दीडपट देण्याऐवजीं जेथें पांचास सहा देतात, तेथें आणखी सुमारें १.४ रुपये. तासास ६० डाव, प्रत्येकीं १०० रुपये, असे चार तास खेळल्यास २४,००० रुपये मेजावरून फिरतात. पहिल्या मेजावर सरासरी १२० रुपये जातील, दुसऱ्यावर सुमारें ४५६. एखाद्या रात्रीं नशीब यापेक्षां पुष्कळ देईल किंवा नेईल; पण जो पुनःपुन्हां जातो त्यास सरासरी गांठतेच. आणि अंदाजानें खेळणारा याहूनहि अधिक गमावतो.

नातू पाटीकडे पाहत म्हणाला, “म्हणजे ही जिंकण्याची युक्ति नव्हेच, हळू हरण्याची!”

याहून नेमकें उत्तर आम्हांस देतां आलें नसतें. घरांत चिंचोके लावून खेळावयास आमची हरकत नाहीं. त्या रात्रीं आम्ही खेळलोंहि. नियम पाळून आमचे चाळीस चिंचोके गेले, आणि पगार घरींच राहिला.