तडा गेलेले चाक पुढच्याच्या गळ्यात मारू नका



या पानावर मी आपल्याशी बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल बोलत असतो. आज मात्र चाकाबद्दल लिहितो आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि चाकाचा काय संबंध, असे काहींना वाटेल. पण विषय शेवटी आपल्या वजनकाट्यासमोरच येऊन थांबणार आहे, म्हणून थोडा धीर धरावा.

माझ्याकडे एक जुनी चारचाकी आहे. गटातली गावे फिरून फिरून तिच्या दोन लोखंडी डिस्क खड्ड्यांनी वाकल्या. नव्या दोन डिस्क घेतल्या असत्या तर काम भागले असते. पण गाडी जरा झोकात दिसावी हा मोह मलाही झाला. शहरातल्या जुन्या मालाच्या बाजारात चार अ‍ॅलॉय चाके १२,००० रुपयांना ठरली. दुकानदार म्हणाला, "बिल पाहिजे तर जादा पडतील, भाऊ." मी म्हटलं, "राहू द्या बिल." ही माझी पहिली चूक. चाके पुढून चकचकीत होती. मागची बाजू फडक्याने पुसून बघावी हे सुचलेच नाही. ही दुसरी चूक. माझेच टायर त्याने तिथल्या तिथे चढवून दिले आणि मी खुशीत घरी आलो.

पंधरा दिवसांनी पुढच्या डाव्या चाकाची हवा उतरू लागली. दोनदा तपासले, खिळा सापडला नाही. तिसऱ्या वेळी पंक्चरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवले. बुडबुडे टायरमधून नव्हे, रिममधून येत होते. तो म्हणाला, "साहेब, टायर चांगला हाय. रिमच तडकलीया. आन् ही आधी एकदा डागलेली हाय, ह्ये बघा." चिखल आणि रंग खरवडल्यावर दिसले की, आतल्या कडेला बोटभर तडा होता. जुन्या वेल्डिंगवर घासकाम करून वरून रंग मारलेला होता आणि नवा तडा त्या जोडाला लागूनच गेला होता.

त्याच आठवड्यात माझी म्हातारी आई आणि मुलगी त्या गाडीतून हमरस्त्याने जाऊन आल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे मला तीन सल्ले मिळाले. तिन्ही आपल्याकडे नेहमी दिले जाणारे आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला सल्ला: "ट्यूब घाला, हवा जाणार नाही." हवा जाणार नाही हे खरे. पण तडा थांबत नाही, फक्त हवा थांबते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला भार वर-खाली होतो आणि तडा वाढत राहतो. हवा उतरणे ही चाकाने दिलेली सूचना होती. ट्यूब घालून आपण त्या सूचनेचेच तोंड बंद करतो.

दुसरा सल्ला: "आठशे रुपयांत आर्गन वेल्डिंग करून देतो, नव्यासारखे." इथे धातूचा स्वभाव समजून घ्यावा. अ‍ॅलॉय चाक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. ओतीव चाकाला बहुधा उष्णतेची प्रक्रिया देतात. सुमारे ५४० अंश सेल्सिअसवर काही तास तापवायचे, पाण्यात झटकन थंड करायचे, मग दीडशे अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवायचे. ताकद या प्रक्रियेतून येते. आपण बेण्याला उष्ण प्रक्रिया देतो तेव्हा अंश आणि तास कसे काटेकोर पाळावे लागतात, हे सभासदांना ठाऊक आहे. वेल्डिंगच्या ज्वाळेला असा हिशेब नसतो. जोडाच्या शेजारची धातू वितळण्याच्या जवळ जाते आणि तिथली प्रक्रिया वाया जाऊन जागा मऊ पडते. जोड दिसायला भरीव, पण शेजार कमजोर. माझ्या चाकात नेमके तेच झाले होते. वाकलेली किंवा घासलेली कड दुरुस्त होते की नाही यावर वाद होऊ शकतो. तडा गेलेले चाक मात्र रस्त्यावरून बाद, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा सल्ला माझ्या भाच्याचा. "मामा, ऑनलाइन टाका. फोटो पुढून काढायचा. दोन दिवसांत जाईल बघा." खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले. मी फसलो, आता माझे पैसे कुठून तरी वसूल झाले पाहिजेत, असे मन म्हणू लागले. मग लक्षात आले की माझ्या आधीच्या माणसाने नेमका हाच विचार केला असणार. त्याने डाग देऊन, रंग मारून ते माझ्या गळ्यात मारले.

काणी आलेल्या प्लॉटचे बेणे शेजाऱ्याला विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? कांड्या दिसायला चांगल्याच असतात. काळा चाबूक पुढे शेजाऱ्याच्या रानात निघतो. तोवर विकणाऱ्याचे पैसे मोजून झालेले असतात. चाकाचेही तसेच आहे. फरक एवढाच की बेण्याने एक हंगाम जातो, चाकाने माणूस जातो.

मी चाक घेऊन दुकानदाराकडे गेलो. "जुन्या मालाला गॅरंटी नसते" हे त्याचे उत्तर. हे पूर्ण खरे नाही. दोष माहीत असून तो लपवणे याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कपट म्हटले आहे. मालविक्री कायदा, १९३० असेही सांगतो की ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता त्या दोषाबद्दल नंतर गर्भित अटीचा आधार घेता येत नाही. म्हणून रंगाखाली लपवलेला जोड आणि उघडा दिसणारा तडा यांत फरक पडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण माझ्या हातात बिल नव्हते. थोडे पैसे वाचवण्यासाठी मीच माझा पुरावा सोडून दिला होता. मी गप्प बसलो, कारण बोलायला तोंड नव्हते.

शेवटी गावातल्या लोहाराकडून ते चाक घणाने फोडून घेतले आणि तुकडे भंगारात घातले. साडेसहा किलो भरले, आठशेच्या वर थोडे रुपये आले. बाकीची तीन चाके टायर उतरवून, लाल रंगाचे पातळ द्रव लावून तपासून घेतली. ते द्रव पुसून वर पांढरी पावडर फवारली की तड्यात मुरलेला रंग वर येतो. त्यांत तडा निघाला नाही. तरी ती आता घरीच पडून आहेत. विकलीच तर झालेली सगळी हकीकत सांगून विकीन. गाडीला दोन नव्या लोखंडी डिस्क आणून टाकल्या.

आता आपल्या काट्यासमोर या. हंगामात ऊस घेऊन येणाऱ्या किती ट्रेलरच्या आणि टायरगाड्यांच्या डिस्क जुन्या बाजारातल्या असतात? बोल्टची भोके लांबट झालेली, भोकापासून भोकापर्यंत तडा, त्यावर वेल्डिंगचा थर आणि वर रंग. लोखंडाला वेल्डिंग बसते हे खरे. पण भाराने तडकलेली डिस्क त्याच भाराखाली जोडाशेजारी पुन्हा तडकते. अशा गाडीमागून एखाद्या सभासदाचा मुलगा मोटारसायकलवर येत असतो.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. टायर बसवलेल्या रिमवर कधीही वेल्डिंग करू नये, हवा सोडलेली असली तरी नाही. उष्णतेने आतल्या रबराचे पेटणारे वायू होतात आणि टायर बाँबसारखा फुटतो. आधी टायर उतरवा, मगच ज्वाला रिमजवळ न्या.

वाहनमालक म्हणतील, "साहेब, तुमचं ठीक आहे. गाडी उभी राहिली तर खेप बुडते, उचल फिटत नाही." हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच केवळ उपदेश करून भागणार नाही. करार करतेवेळी, हंगामाच्या आधी, प्रत्येक वाहनाची चाके आपल्या गॅरेजमध्ये बघावीत. तडकलेली डिस्क कारखान्याने भंगाराच्या भावाने ठेवून घ्यावी आणि नवी डिस्क वाहतूक बिलातून हप्त्याने द्यावी. म्हणजे मालकाची खेप बुडणार नाही आणि ती डिस्क दुसऱ्या गाडीखाली जाणार नाही. हे माझे व्यक्तिगत मत आहे, संचालक मंडळाचे धोरण नव्हे. सभासदांना पटले तर वार्षिक सभेत मांडावे.

तोवर एवढे करावे. जुने चाक घेताना टायर उतरवून, मागून पुसून, भोकांभोवती आणि आतल्या कडेला उजेड धरून बघावे. बिल घ्यावे. वारंवार हवा उतरत असेल तर ट्यूब घालण्याआधी रिम पाण्यात बुडवावी. आणि तडा निघालाच, तर फसवले गेल्याचा राग दुसऱ्यावर काढू नये. चाक फोडावे. माझे काही हजारांचे नुकसान झाले. पण ते चाक आता कोणाच्या गाडीखाली नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी