थकवा कोणत्या खात्यावर मांडायचा?

जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांत अलीकडे एक वाक्य वारंवार कानी येते : "शेठ, आता जमत नाही." बोलणारा म्हातारा नसतो. चाळिशीचा शिंपी असतो, नाहीतर वडिलांच्या गादीवर बसलेला तरुण दुकानदार. शरीर धडधाकट, काम पूर्वीपेक्षा कमीच, तरी सकाळी शटर वर करताना हात जड होतो. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. आमच्या मते येथे आपले निदान चुकते.

या थकव्याला इंग्रजीत बर्नआऊट म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली : त्राण संपणे, कामाविषयी तुसडेपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली, तीही रोग म्हणून नव्हे, कामाशी जडलेली अवस्था म्हणून. पहिली दोन अंगे घरच्यांनाही दिसतात. तिसरे कोणी पाहत नाही, आणि कारागिराला आतून पोखरते ते हेच.

आम्ही हे भोगले आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, कापडावर ५ टक्के कर लागला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. तागा चिमटीत धरून सूत ओळखणे, बस्त्याला आलेल्या मंडळींत कोणाची पसंती चालते ते पाच मिनिटांत ताडणे, यात आम्ही कोणाला हार गेलो नव्हतो. पण संगणकासमोर बसलो की घाम फुटे. विवरणपत्र चुके, दंड भरावा लागे. वर्षभरात नवल असे झाले की ज्यात आम्ही तरबेज होतो तेही नकोसे वाटू लागले. गिऱ्हाइकाने तिसरा तागा उलगडायला सांगितला की कपाळावर आठी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सक्तीची विश्रांती मिळाली, थकवा मात्र हलला नाही. तेव्हा कळले की हा थकवा झोपेने जाणारा नव्हे.

गेला तो वेगळ्याच रीतीने. भाच्याने सांगितले, "मामू, सगळे सोडा, रोज फक्त त्या दिवसाची बिले चढवा." दहा-बारा बिले. पंधरा दिवसांत ती बिनचूक होऊ लागली, तीन महिन्यांत आम्ही वकिलाची चूक दाखवली! त्या दिवशी दुकानात तागे उलगडायला आम्हीच पुढे होतो.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडले होते. स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास सर्वांत अधिक वाढतो तो स्वतः पार पाडलेल्या कामाने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला यश आलेले पाहून. कोरड्या उपदेशाचा असर थोडा. म्हणून "हिंमत धर" म्हणून पाठ थोपटणाऱ्यांपेक्षा हातात एक पुरे होणारे काम देणारा बरा.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर सगळा दोष थकलेल्याच्याच माथी येईल. आपल्या जुन्नरचे कागदी आठवा. जुन्या तागाच्या चिंध्या कुटून, लगदा करून, पडदीवर ताव उचलून, घोटून केलेला जुन्नरी कागद दप्तरांत नावाजलेला होता. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. त्या हातांत कसब कमी होते काय? मुळीच नाही. बाजार फिरला होता. आज तयार कपड्यांनी शिंप्याचे तेच केले आहे. मोबाईलवर घरपोच मिळणाऱ्या मालाने आमचेही.

व्यापारी वाचकांना आमची विनंती अशी की ही दोन खाती वेगळी ठेवावीत, एक हाताचे, एक बाजाराचे. बाजाराचा तोटा हाताच्या खात्यावर मांडणारा माणूस आधी थकतो. आणि तेजीत बाजाराचा नफा हाताच्या खात्यावर मांडणारा मंदीत सर्वांत जोरात आपटतो; लग्नसराईच्या जोरावर तीन गाळे घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

मंचरच्या आमच्या ओळखीच्या एका शिंप्याने हे बरोबर ओळखले. पँट-शर्टाची शिलाई घटली तेव्हा त्याने स्वतःला नालायक म्हटले नाही. तयार कपडा सगळ्यांच्या अंगाला बसत नाही, हे त्याने हेरले. तो उसवून मापात आणायचे काम धरले, मग शाळांचे गणवेश घेतले. कमाई पूर्वीइतकी नाही, तो हे लपवतही नाही. पण पूर्वी तो शागिर्दावर दिवसभर खेकसत असे. परवा गेलो तेव्हा पोराला कात्री देऊन अस्तर कापायला बसवले होते, आणि स्वतः चहा पीत बाजूला बसला होता.