मोहोरावरील फवारणी आणि मधमाशी

बागेस खत घालणारा व राखण करणारा गडी आपण मजुरी देऊन आणतो. परंतु एका फुलातील पराग दुसऱ्या फुलावर नेणारी मधमाशी मजुरी मागत नाही, म्हणून तिची गणतीही कोणी करीत नाही.

अतिशयोक्ती आम्हांस करावयाची नाही. भात हे स्वपरागित पीक असल्यामुळे मधमाशीवाचून पेजेचा तांदूळ उणा पडणार नाही. आंब्याच्या मोहोरावर इतर माश्यांची कामगिरीही मोठी आहे. परंतु परसातील काकडी, कारली, भोपळा व चिबूड ह्यांची नर व मादी फुले निराळी असतात. तेथे कीटक आला नाही, तर फळ धरतच नाही. काजूच्या फुलासही त्याचे साहाय्य लागते. हापुसाची फळधारणा अन्य जातीच्या परागाने अधिक चांगली होते, हेही अनुभवी बागायतदारांस विदित आहे. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमीअधिक प्रमाणात अशा प्राण्यांवर अवलंबून आहेत.

आमच्या कोकणची खरी पाळीव मधमाशी सातेरी होय. झाडाच्या ढोलीत, वारुळात व दगडांच्या कपारीत ती राहते. जुनी झाडे तुटली, तसा तिचा निवारा गेला. १९९१ साली केरळात दिसलेल्या थाई सॅकब्रूड नामक विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला. रोग आपल्या हाती नाही. फवारणी मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही औषधे आपण तुडतुड्यांवर मारतो. युरोपीय संघाने ह्याच औषधांचा उघड्या शेतातील वापर २०१८ साली बंद केला, तो मधमाश्यांस असलेल्या धोक्यामुळेच.

"फवारले नाही तर फुलकिडे मोहोर खातील, मग कर्ज कोण फेडणार?" असे बागायतदार विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि फवारणी सोडा असे आम्ही म्हणतही नाही. मोहोर फुलण्यापूर्वी काय मारावयाचे ते मारावे. फुले उमलल्यापासून फळ धरेपर्यंत हात आवरावा. अगदीच निरुपाय झाल्यास सायंकाळी, माश्या घरी परतल्यावर, कृषितज्ज्ञांस विचारूनच फवारावे. मध काढणाऱ्यास पोळे जाळू देऊ नये.

परंतु एकट्याने हा नियम पाळून उपयोग नाही. माशी आपल्या गडग्यापाशी थांबत नाही. ती किलोमीटरभर सहज जाते, आणि शेजारच्या बागेतील विष आपल्या बागेतील पोळे रिकामे करते. महाबळेश्वर येथील मध संचालनालय पेट्या व प्रशिक्षण देते. तेथून जवळच असलेले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. परंतु विषारी मोहोरात ठेवलेली पेटी म्हणजे मधमाश्यांची तिरडीच. म्हणून ह्या हंगामापूर्वी प्रत्येक गावातील सभासदांनी एकत्र बसून, फुलोऱ्यात फवारणी न करण्याचा ठराव करावा व शेजाऱ्यांसही त्यात सामील करून घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. चीनच्या सेचुआन प्रांतात नासपतीच्या फुलांस माणसांनी झाडावर चढून हाताने पराग लावण्याची पाळी आली. हापुसाच्या उंच कलमांवर ते काम करावयास मजूर कोठून आणावयाचे, ह्याचा विचार ठरावास विरोध करणाऱ्याने आधी करावा.