दार निळंच होतं

बीड जिल्ह्यात कॉलेजची शॉर्टफिल्म म्हटली की विषय जवळजवळ ठरलेलाच असतो : ऊसतोड. आमचाही तोच होता. दिवाळीच्या मागेपुढे गाड्या भरून माणसं कारखान्यांकडे निघाली की वस्तीवर उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. धारूर तालुक्यातल्या अशाच एका वस्तीवर आम्ही चौघं मोबाईल घेऊन गेलो. एक आजी, तिचा चौथीतला नातू आणि शेजारची कुलूपबंद घरं. फिल्म पाच मिनिटांची.

वर्गात दोन शब्द शिकलो होतो. वास्तववाद म्हणजे जग आहे तसं दाखवणं. रूपवाद म्हणजे प्रकाश, रंग, आवाज, संकलन यांतून ते घडवणं. आपली फिल्म वास्तववादी, याबद्दल आम्हाला शंकाच नव्हती. माणसं खरी, वस्ती खरी, अजून काय पाहिजे?

मग एडिटला बसलो. रंग काढून टाकले, आजीचं चालणं स्लो मोशनमध्ये घेतलं, मागे व्हायोलिन. बघताना आमचेच डोळे भरून आले! पुढच्या रविवारी वस्तीवर जाऊन लॅपटॉपवर फिल्म दाखवली. नातू म्हणाला, "हे कुणाचं घर? आमचं दार तर निळंय." आजीने एवढंच विचारलं, "म्या एवढी हळू चालते का रे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगू? नुसता कॅमेरा लावला म्हणून वास्तव हाती लागत नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार दाखवणारी लुमिएर बंधूंची १८९५ची फिल्म घ्या. वास्तववादाचा पहिला धडा म्हणून ती शिकवतात, पण तो प्रसंगही त्यांनी पुन्हा पुन्हा चित्रित केला होता. व्ही. शांतारामांनी 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत वापरलंच नाही, भोवतालच्या आवाजांवर काम भागवलं. संगीत न वापरणं हाही रूपाचाच निर्णय. आणि 'फँड्री'? नागराज मंजुळे गाव इतकं जिवंत उभं करतात की आपण कॅमेरा विसरतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. ही उघड उघड रूपाची करामत आहे, पण ती जब्याच्या बाजूने उभी राहते.

आमचं व्हायोलिन कुणाच्या बाजूने होतं? आमच्याच. आम्हाला टाळ्या हव्या होत्या.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. माणसाचं नाव तिथे आधीच गळून पडतं. आपणही कॅमेरा घेऊन जायचं आणि त्याच माणसाचा 'एक दुःखी शॉट' करायचा?

आम्ही फिल्म पुन्हा एडिट केली. रंग परत आणले, व्हायोलिन काढलं, आजीला तिच्या चालीने चालू दिलं. फक्त कुलूपबंद दारं एकामागोमाग एक, नेहमीपेक्षा जास्त वेळ पडद्यावर ठेवली. तोही रूपाचाच खेळ. पण ती दारं सहा-सहा महिने खरंच बंद असतात.

तुम्ही या वर्षी फिल्म करणार असाल तर प्रयोग जरूर करा, फिल्टर लावा, संगीत वापरा. फक्त परीक्षकांच्या आधी ती, ज्यांची आहे त्यांना दाखवा. आपलं दार त्यांना ओळखू आलं पाहिजे.