प्रोग्रामांची मोडी

संगणकास मोकळ्या जागा दिसत नाहींत, मग त्यांचा आग्रह कशाला? विद्यार्थी असें विचारतात याचें आम्हांस नवल नाहीं; अध्यापकही तेंच विचारूं लागले, म्हणजे मात्र गप्प बसवत नाहीं. सी भाषेंत आरंभींच्या दोनचार ओळी सोडल्या तर सारा प्रोग्राम एका ओळींत कोंबला तरी चालतो, ही गोष्ट खरी. म्हणूनच सर्व भार लिहिणाराच्या विवेकावर पडतो.

मोडी ही अशीच त्वरेची लिपि. हात शक्यतों न उचलतां ओळ ओढावयाची. शब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाहीं. कारकुनाचा वेळ वाचला. पण तेव्हां ती वाचणारे गांवोगांव होते. आज दफ्तरें रुमालांत बांधलेलीं आहेत आणि वाचक थोडे. प्रोग्रामास तर अशी दशा येण्यास दोन वर्षेंही पुरतात.

हा केवळ रुचीचा प्रश्न आहे काय? २०१४ सालीं ॲपलच्या फोनांतील, सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या प्रोग्रामांत 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदां पडलेली आढळली. 'इफ'नंतर महिरपी कंस नव्हते. म्हणून पहिली ओळ अटीखालीं, दुसरी अटीबाहेर. लिहितांना मात्र दोन्ही सारख्याच आंत सरकविलेल्या! डोळ्यास एक दिसे, यंत्र दुसरें करी. आणि स्वाक्षरीची परीक्षा न होतांच जोडणी खरी ठरे.

कंस ओळीच्या शेवटीं असावा कीं नव्या ओळीवर, या भांडणांत आम्हांस रस नाहीं. कर्निघन व रिची यांनींही १९७८च्या आपल्या ग्रंथांत एक पद्धत निवडून ती सातत्यानें पाळा, एवढेंच सांगितलें. आमचा राग निराळ्यावर आहे. एकाच वाक्यांत एकच राशि दोनदां वाढवावयाची आणि 'उत्तर काय येईल?' म्हणून परीक्षेंत पुसावयाचें! सीच्या नियमांप्रमाणें अशा वाक्यास निश्चित अर्थच नाहीं. तरी परीक्षक त्याचे गुण देतात. धर्मापुरीहून परळीस वा अंबाजोगाईस शिकावयास येणारा मुलगा हेंच कौशल्य समजतो. पुढें नोकरींत त्याच्या पदरीं बहुधा दुसऱ्यानें लिहिलेला, हजारों ओळींचा प्रोग्रामच पडावयाचा आहे. तो वाचावयाचें शिक्षण त्यास कोणीं दिलें?

प्रात्यक्षिकाचे वेळीं एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या हातीं द्यावा. लिहिणारानें तोंड उघडूं नये, वाचणारानें त्यांत एक दुरुस्ती करून दाखवावी, आणि ती जमली नाहीं तर गुण लिहिणाराचे कापावेत.