सुई वाचवू नका, तबकडी वाचवा



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली उतरतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. काही घरांत अजून आजेसासऱ्यांचा चावीचा ग्रामोफोन आणि काळ्या तबकड्यांची चळत निघते. मुलं हौसेने चावी देतात, आधीपासून अडकलेली जुनी सुईच टेकवतात, खरखरत का होईना गाणं वाजतं आणि सगळे खूश! या हौसेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवी सुई नसेल तर तबकडी वाजवूच नये.

आपण बायका काटकसरी. पोलादाची सुई एका गाण्यानंतरही धडधाकट दिसते, ती टाकायला हात धजत नाही. पण ही सुई मुळात एका बाजूपुरतीच बनवलेली असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाखेसोबत दगडाची बारीक भुकटी असते. पहिल्या काही फेऱ्यांतच ती सुईचं टोक घासून खाचेत नीट बसेल असं करते. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपते, तोवर टोकाला धारदार कडा आलेल्या असतात. तीच सुई पुन्हा लावली की त्या कडा खाच खरवडतात. वर साऊंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या घरात. चकचकीत काळी खाच करडी पडली, की समजावं, गाणं झिजलं. बालगंधर्वांचं पद असो की हिराबाईंचं, झिजलेला सूर पुन्हा भरून येत नाही.

म्हणून जुन्या यंत्रांवर सुयांसाठी वाट्या असत, नव्यांची वेगळी आणि वापरलेल्यांची वेगळी. सुयांच्या डब्या तर शेकड्यांच्या हिशेबाने विकल्या जात. जाड सुईचा आवाज मोठा, बारीक सुईचा हळू. घरातल्या बैठकीला हळू आवाजाची सुई पुरते. बांबूची तीनधारी सुईही मिळत असे. ती पोलादापेक्षा मऊ, टोक बोथट झालं की खास कात्रीने पुन्हा छाटता येई. मात्र पोलादी सुईने आधीच खरवडलेल्या तबकडीवर ती फार टिकत नाही.

आता आपल्या मनात हमखास येणारा प्रश्न. या तबकड्यांत लाख आहे. कुसुम, पळस, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून ती मिळते आणि ती काढताना असंख्य जीव जातात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहेच. मग अशी वस्तू घरात कशाला, असं काही जणी म्हणतात. त्यांची भावना मला समजते, पण मत पटत नाही. तबकडी फोडून एकही जीव परत येणार नाही. जे घडून गेलं ते गेलं, निदान त्यातून जे उरलं आहे ते निष्काळजीपणाने तरी नासू नये. जयणा फक्त पाणी गाळताना आणि चूल पेटवतानाच पाळायची असते का? हौस म्हणून नव्या तबकड्या गोळा करत बसू नये, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. ज्या वारशाने आल्या आहेत, त्यांचा सांभाळ करावा एवढंच.

तर सख्यांनो, दर बाजूला नवी सुई लावा. वापरलेल्या सुया वेगळ्या डबीत ठेवा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि डबी भरली की भंगारात द्या. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या एलपी या यंत्रावर चुकूनही लावू नका, एकाच फेरीत वाया जातील. आजच्या प्लेअरवर जुनी तबकडी ऐकायची असेल, तर ७८ साठीची वेगळी सुई मागा. एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाशी जाऊन घासते.

आणि एक व्यवहारी सल्ला. प्रत्येक तबकडी नव्या सुईने एकदा वाजवून मोबाइलवर उतरवून घ्या. मग नातवंडांना ते गाणं रोज ऐकू द्या आणि तबकडी कागदी पाकिटात उभी ठेवून द्या. एका सुईची किंमत ती काय! आजेसासूबाईंनी ऐकलेला आवाज त्याहून फार मोलाचा आहे.