कर्ज एकवटले, फिटले नव्हे

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरविला. बँकांच्या व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, आयोगाचे नव्हे, ही या निकालामागील भूमिका. मात्र रिझर्व्ह बँकेने कार्डावरील व्याजाला आकड्यात कमाल मर्यादा घालून दिलेली नाही. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केला होता. परंतु सावकाराला घातलेले हे बंधन बँकेला लागू नाही. म्हणजे हिशेब करण्याची जबाबदारी शेवटी कार्डधारकाच्याच शिरावर येऊन पडते.

हा हिशेब कठीण नाही. एक लाख रुपये थकले आहेत आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे, असे समजू. पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ६३० रुपये. कार्डधारकाने ५,००० रुपये भरले, तरी मुद्दल घटते ते अवघे ८७० रुपयांनी! दरमहा तेवढीच रक्कम नेमाने भरली आणि कार्डावर नवी खरेदी मुळीच केली नाही, तरी हे कर्ज फिटण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि खिशातून सुमारे २ लाख १६ हजार रुपये जातात. हेच एक लाख रुपये १५ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जात वळविले, तर त्याच ५,००० रुपयांच्या हप्त्याने ते सुमारे दोन वर्षांत, १ लाख १६ हजारांत फिटते. शिवाय साध्या कर्जाच्या व्याजावर तो करही लागत नाही.

निरनिराळ्या कार्डांची महाग देणी एका स्वस्त कर्जात एकवटणे हा उपाय म्हणूनच शहाणपणाचा ठरतो. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली मुदतीची. हेच कर्ज पाच वर्षांचे घेतले तर हप्ता २,३८० रुपयांपर्यंत खाली येतो, पण व्याज ४२ हजारांवर जाते. लहान हप्ता म्हणजे स्वस्त कर्ज नव्हे. दुसरी अट कार्ड बंद करण्याची. रिकामे झालेले कार्ड खिशातच राहिले, तर वर्षभरात एकाच्या जागी दोन कर्जे उभी राहतात. बंद करण्याची विनंती केल्यावर, देणे शून्य असल्यास, बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ५०० रुपये दंड दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

असे कर्ज कोठून घ्यावे? ज्या बँकेत पगार जमा होतो ती बँक हे पहिले ठिकाण. शिक्षक आणि कारकून यांच्यासाठी महाराष्ट्रात दुसरेही एक ठिकाण आहे, ते म्हणजे पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ मुळे हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. अडचण एवढीच की तेथे सहकाऱ्यांचा जामीन लागतो, आणि सहकाऱ्यांना कर्जाची वार्ता कळू नये, हीच तर ऋणकोची सर्वांत मोठी धडपड असते.

ठकांचा धंदा नेमका या संकोचावर चालतो. ‘आपले कर्ज मंजूर झाले आहे, प्रक्रिया शुल्क आधी भरा’ असा निरोप येतो. शुल्क जाते, कर्ज येत नाही. कोणी सांगतो की हप्ते भरणे थांबवा, तडजोड आम्ही करून देतो. त्याची फी वसूल होते आणि इकडे व्याज, दंड व वसुलीचा तगादा वाढत राहतो. तडजोड झालीच, तरी पतअहवालावर तिची नोंद राहते आणि पुढचे गृहकर्ज अडते. काहींनी तर पैसे घेऊन ‘कर्जमाफीची प्रमाणपत्रे’ वाटण्यास प्रारंभ केला होता. त्यांना कसलाही अधिकार नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ११ डिसेंबर २०२३ रोजी द्यावा लागला.

खऱ्याखोट्याची पारख करण्यास आज साधने उपलब्ध आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जापूर्वी धनकोने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. शुल्कासह वार्षिक खर्चाचा खरा दर त्यात असतो. त्यात नसलेले शुल्क ऋणकोच्या संमतीवाचून घेता येत नाही. मोबाईल ॲपवरून मिळणाऱ्या कर्जाचे हप्तेही थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात जावे लागतात, आणि त्या ॲपला फोनमधील संपर्क व छायाचित्रे चाळण्यास मनाई आहे. म्हणून जो विवरणपत्र देत नाही, खासगी खात्यात पैसे मागतो किंवा ओटीपी विचारतो, त्याच्याशी बोलणे तेथेच संपवावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तथापि सारा भार ऋणकोच्या सावधपणावर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून असा नियम आहे की, दीड वर्षात ज्याने मुद्दलापेक्षा व्याज व शुल्कच अधिक भरले, त्याला कंपनीने स्वतःहून सावध केले पाहिजे. हीच स्थिती आणखी दीड वर्ष टिकली, तर कर्ज लवकर फेडण्याचा मार्गही दिला पाहिजे. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड लांबते, एवढी सूचना आपल्याकडील बिलावर छापली जाते. छापील सूचनेने कोणाचे कर्ज हलके होत नाही. सलग सहा महिने किमान रक्कमच भरणाऱ्या ग्राहकाला बँकेने कमी व्याजाचे, ठराविक मुदतीचे कर्ज आपणहून देऊ करावे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घालावा. बँकेच्या दारात सन्मानाने वाट मिळाली, तर ठकाच्या दारात जाण्याची पाळी फारच थोड्यांवर येईल.